वरच्याचा वाटा

आमच्या घराण्यात लग्न असो की बारसं, जेवणं उरकली की कोणीतरी मला गोष्ट सांगायला बसवतं. मी मूळ मुद्द्यावर यायच्या आत निम्मी मंडळी पान खायला उठून जातात आणि उरलेली अर्धी झोपलेली असतात. मी इतिहासात बी.ए. केलं आणि त्या जोरावर जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणं कंपनीच्या गोदामात पोत्यांवर नजर ठेवायची नोकरी मिळवली. घरचे मला प्रोफेसर म्हणतात. ते कौतुकानं म्हणत नाहीत हे मला लग्नानंतर कळलं, बायकोनंही तेच म्हणायला सुरुवात केली तेव्हा.

तर गोष्ट आमच्या घरातल्या एका देवाची आहे.

देवघरात खंडोबा आहे, भवानी आहे, पूर्वजांचे चांदीचे टाक आहेत. या देवाचा टाक नाही. त्याला दगड नाही, शेंदूर नाही, जत्रा नाही, कोंबडं नाही. नावसुद्धा धड नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्याला नुसतं 'वरचा' म्हणतात. आजोबाही तेच म्हणायचे. आजोबा गुरं-मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणारे. अण्णांच्या काळात कुंभार पिंपळगावच्या बाजूला जमीन झाली, विहीर झाली आणि फिरणं थांबलं. फिरत्या दिवसांतलं घरात जे थोडं उरलं त्यात आजोबांची काठी, एक घोंगडी आणि हा वरचा.

गाय व्याली की त्याची आठवण यायची. आधी वासराला पोटभर पाजायचं. त्यात देवाचीही घाई चालायची नाही. "वासराआधी देव न्हाई," असं अण्णा बजावून सांगत. वासरू बाजूला झालं की चिकाची पहिली धार कासंडीत घ्यायची आणि घरातल्या सगळ्यात वडील पुरुषानं उघड्यावर जाऊन उभं राहायचं. डोक्यावर पत्रा नको, झाडाची फांदी नको. मग ओंजळभर चीक घेऊन वर आभाळाकडे उडवायचा. तो वरच्याचा वाटा. बाकीच्याचा खरवस.

यात दोन नियम होते. पहिला, डोकं उघडं पाहिजे. खंडोबासमोर अण्णा कधी टोपीशिवाय बसले नाहीत, पण वरच्यासाठी टोपी काढून माझ्या मायच्या हातात द्यायचे. मी लहानपणी विचारलं होतं, असं का. ते म्हणाले, "त्याला वरून दुसरं काय दिसतं? डोकंच दिसतं ना? बापाला पोराचं डोकं दिसाय पाहिजे." दुसरा नियम म्हणजे काही मागायचं नाही. पाऊस, पीक, पोरगा, काही नाही. नवस बोलायला बाकीचे देव आहेत. याला फक्त द्यायचं आणि टोपी घालून आत यायचं.

आम्हा पोरांना नियमांशी देणंघेणं नव्हतं. आमचं लक्ष वर गेलेला चीक खाली कुठं पडतो याकडे. आम्ही आ वासून अण्णांच्या भोवती गोल उभे राहायचो. हिवाळ्यातल्या सकाळच्या उन्हात ते पिवळट थेंब एक क्षण वर थांबल्यासारखे दिसायचे, आणि मग धबाधब कोणाच्या कपाळावर, कोणाच्या शर्टावर. माझ्या बहिणीच्या तोंडात हमखास पडायचा. माझ्या डोळ्यात. वरच्याचं आमच्यातलं आवडतं लेकरू कोण हे तेव्हाच ठरून गेलं होतं. नंतर माय चुलीवर खरवस लावायची. गूळ आणि वेलदोड्याचा वास आखाड्यावरून, म्हणजे आमच्या शेतातल्या गोठ्यावरून, पार रस्त्यापर्यंत जायचा आणि वाटेनं जाणारा माणूस काही ना काही निमित्त काढून आत यायचा. आजही कुठं वेलदोडा कुटला की मला आधी कासंडी दिसते आणि मग चहा.

पुढं जालन्याला कॉलेजात असताना सरांनी एकदा प्राचीन धर्म शिकवायला घेतले. ऋग्वेदात द्यौस् पिता आहे, म्हणजे आभाळ-बाप. ग्रीकांचा झ्यूस, रोमनांचा ज्युपिटर, हे त्याचेच भाऊबंद. ज्युपिटर या नावात तर शेवटी बापच बसलेला आहे. आपले देव आणि दिवस हे शब्दही त्याच जुन्या मुळाचे, आणि त्या मुळाचा अर्थ उजेडानं भरलेलं आभाळ. या सगळ्या भाषा बोलणाऱ्यांचे फार जुने पूर्वज कुठंतरी एकत्र गुरं राखत होते आणि दिवसाच्या आभाळाला बाप म्हणत होते. मग ते पांगले, आणि ज्यानं त्यानं आपापला बाप सोबत नेला. सर म्हणाले, हे सगळं शब्द आणि कथा ताडून बांधलेलं आहे, त्या मूळ माणसांना कोणी पाहिलेलं नाही.

मागच्या बाकावर मी ताठ झालो. उठून सांगावंसं वाटत होतं, सर, तो आमच्या आखाड्यावर येतो. सांगितलं नाही. वर्गात मुली होत्या, आणि खरवसाचा विषय निघाला असता.

एक गोष्ट मात्र तेव्हा लागली ती लागलीच. आपल्याकडे हा आभाळ-बाप वेदांच्या काळातच मागे पडलेला. इंद्राला सूक्तांमागून सूक्तं, आणि द्यौस् येतो तो बहुतेक पृथ्वीच्या जोडीनं, मान द्यायचा म्हणून. थोडक्यात, म्हाताऱ्याला ओसरीवर बसवून पोरानं कारभार हाती घेतला. म्हाताऱ्याचं ऐकून घ्यायचं सगळ्यांनी, पण त्याला विचारायचं कोणी नाही. मला हे वाचून अण्णाच आठवायचे.

दोन हिवाळ्यांमागं अण्णांना लकवा मारला. जीव वाचला, बोलणंही महिनाभरात ताळ्यावर आलं, पण उजवा हात खांद्याच्या वर जाईना. डॉक्टरांनी रोज व्यायाम करून घेणारा माणूस लागेल असं सांगितलं. तो जालन्यात मिळणार, आखाड्यावर नाही. म्हणून ठरलं की अण्णा आणि मायनं माझ्या फ्लॅटवर यायचं, जमीन चुलत्यांच्या पोरांनी बघायची आणि गोठ्यात शेवटची राहिलेली तांबडी गाय बहिणीकडे आष्टीला द्यायची. तांबडी गाभण होती, दिवस भरत आले होते. ती व्याली की लगेच निघायचं. मायनं भांडी बांधून ठेवली होती. अण्णा काहीच बोलत नव्हते. आधीच कमी बोलणारा माणूस, त्यामुळे ते गप्प आहेत हे ओळखायलाच आम्हाला आठवडा लागला.

एका रविवारी दुपारी मी मोटारसायकलवर आखाड्यावर गेलो. अण्णा बाजेवर बसून तांबडीकडे बघत होते. मी डोक्यावरची टोपी सारखी केली. माझी टोपी म्हणजे पुढं छज्जा असलेली, कंपनीनं फुकट दिलेली. तिशीतच माझं डोकं वरून मोकळं झालं, तेव्हापासून ती टोपी मी अंघोळ आणि झोप सोडली तर काढत नाही. बायको म्हणते, झोपेचंही नक्की सांगता येत नाही.

तांबडीवरची नजर न काढता अण्णा म्हणाले, "आक्काच्या घरी वरच्याला देत न्हाईत."

आक्का म्हणजे माझी बहीण. मी म्हटलं, त्यांच्याकडे ती रीत नाही.

"मंग मी बंद केलं तर त्याला कोण देणार?"

हे ते इतक्या साध्या आवाजात म्हणाले की मला आधी कळलंच नाही, गप्प राहण्याचं कारण हे होतं. घर सुटण्याचं दुःख त्यांना नव्हतं. हाताचंही नव्हतं. त्यांना वाटत होतं की अख्ख्या जगात हा देव फक्त आपल्या घरात जेवतो, आणि आता तो उपाशी राहणार.

आयुष्यात पहिल्यांदा माझं बी.ए. कामाला येणार होतं. मी बाजेवर त्यांच्या शेजारी बसलो आणि सुरू झालो. झ्यूस सांगितला, ज्युपिटर सांगितला, ऋग्वेद सांगितला. पार बाल्टिक समुद्राच्या काठापर्यंत आभाळाच्या देवाला याच मुळातलं नाव होतं, तेही सांगितलं. तुमचा वरचा एकटा नाही अण्णा, त्याला हजारो वर्षं कितीतरी देशांत लोक देत आलेत. आता आमच्या ओंजळभर चिकाचा आणि ग्रीसचा थेट धागा आहे असं कोणी विद्वान म्हणणार नाही, हेही मी प्रामाणिकपणे सांगितलं. तेवढं सोडून बाकी सगळं अण्णांनी ऐकलं.

"कुठली म्हणलास ही माणसं? मूळची?"

मी म्हटलं, काळ्या समुद्राच्या वर मोठा गवताळ माळ आहे, तिकडची असावीत असा बऱ्याच जणांचा अंदाज आहे. त्यावर भांडणंही आहेत.

"मेंढरं होती?"

"होती. गाई होत्या, घोडे होते."

"मंग आपलेच की." अण्णा जरा सरकून बसले. "डोकं झाकून देत होते का उघडं?"

माझ्या उभ्या आयुष्यात मला इतका नेमका प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि नशिबानं उत्तर माहीत होतं. मी म्हटलं, रोमन लोक देवाला देताना अंगावरचं वस्त्र डोक्यावर ओढून घ्यायचे आणि ग्रीक उघड्या डोक्यानं द्यायचे.

अण्णांनी थोडा विचार केला. "म्हणजे ते रोमन जावयाकडून आलेले असतील. ग्रीक आपल्या भावकीतले."

मी इतका हसलो की तांबडीनं मान वळवून बघितलं. अण्णाही हसले, बऱ्याच महिन्यांनी. मायनं आतून डोकावून पाहिलं आणि चहा टाकला. मला वाटलं, जिंकलं. मी इथंच थांबायला पाहिजे होतं, पण थांबणं मला कधी जमलेलं नाही. गोष्टी सांगण्यातही नाही. मी झ्यूसच्या देवळांचं वर्णन करू लागलो, केवढाले खांब, केवढाल्या पायऱ्या.

अण्णांनी चहाची बशी खाली ठेवली. "अजून देऊन राह्यले का ते?"

"कोण?"

"ग्रीक."

आता काय सांगणार. मी म्हटलं, नाही अण्णा. फार वर्षं झाली, त्यांचा धर्म बदलला. देवळं पडली. आता लोक तिकडं फोटो काढायला जातात. अलीकडे काही थोडे लोक हौसेनं पुन्हा जुन्या देवांना भजू लागलेत असं वाचलं होतं, पण मधली सगळी शतकं कोणी नाही.

"रोमन?"

"तेही नाही."

"आन् समुद्राकाठचे?"

मी मान हलवली. अण्णा बराच वेळ वर बघत बसले. पौषातलं स्वच्छ आभाळ होतं, त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं.

आमच्या भावकीत कुलदैवताच्या नैवेद्याची पाळी असते. एका वर्षी एक घर, दुसऱ्या वर्षी दुसरं. एखादं घर मुंबई-पुण्याला गेलं, किंवा त्यांच्यात करायला कोणी उरलं नाही, तर त्यांची पाळी पुढच्या घरावर येते. कोणी कुरकुर करत नाही. देव एकाचा नसतो, पण पाळी कोणाला चुकत नाही. अण्णांनी ग्रीक आणि रोमन या पाळीत बसवले होते, हे मला दुसऱ्या दिवशी मायचा फोन आला तेव्हा कळलं.

माय म्हणाली, हे जालन्याला यायचं न्हाई म्हणून बसलेत. सगळ्यांनी आपापली पाळी सोडली, आता आपल्या एका घरावर आली, म्हणतात. तांबडी द्यायची न्हाई, आखाडा सोडायचा न्हाई. आणि मग तिनं मला विचारलं, "तुला कोणी सांगितल्तं त्या परदेशी देवांची चौकशी करायला?"

पुढचे आठ-दहा दिवस घरात जे काही चुकलं त्याला झ्यूस जबाबदार होता. आष्टीहून आक्कानं फोन करून माझं अभिनंदन केलं. चुलतभाऊ म्हणाला, प्रोफेसर, दोन हजार वर्षं मेलेला देव तू एका दुपारी उठवला, बिलकुल कमाल केली. बायकोनं व्यायामवाल्याला फोन करून सांगितलं की आमचं अजून नक्की नाही, आणि माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं पुरेसं होतं. कारण अण्णांचा हात दिवसेंदिवस आखडत चालला होता, आणि डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की पहिले काही महिने हातचे गेले तर हातही गेला.

मी समजावून पाहिलं. मी देतो म्हटलं. अण्णा म्हणाले, "वडील माणूस हाये तवर दुसऱ्याचा हात चालत न्हाई." आणि माझ्या डोक्याकडे बघत, "तू टोपी तरी काढशील का?"

मला राग आला, कारण तो प्रश्न बराबर होता.

तांबडी एका सकाळी व्याली. चुलतभावाचा फोन आला तसा मी कंपनीत तापाचं कारण सांगून निघालो. पोचलो तेव्हा दहा वाजले होते. आक्का आणि भाऊजी आष्टीहून आलेले, चुलते, त्यांच्या सुना, शेजारच्या रानातली दोन-चार माणसं, सगळे गोठ्याभोवती. तांबडीची कालवड दूध पिऊन कोपऱ्यात उभी राहायचा प्रयत्न करत होती. अण्णा अंगणात मधोमध उभे होते. डाव्या हातानं टोपी काढून त्यांनी मायकडे दिली होती. समोर कासंडी. आणि उजवा हात छातीपर्यंत येऊन तिथंच अडला होता.

भाऊजी हळूच म्हणाले, डाव्या हातानं द्या ना. अण्णांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की भाऊजी रोमन निघाले.

अण्णांच्या ओंजळीतला चीक बोटांमधून गळत होता. ते पुन्हा वाकून भरत होते, हात पुन्हा छातीशी अडत होता. मी त्यांच्यामागं जाऊन उभा राहिलो. का कोण जाणे, सगळ्यांत आधी मी टोपी काढली आणि मायकडे दिली. मागून एका वहिनीचा 'अगंबाई' ऐकू आला. मग मी माझा हात अण्णांच्या कोपराखाली घातला, दुसरा त्यांच्या पंजाखाली, आणि म्हटलं, "हात तुमचाच हाये अण्णा. मी नुसता उचलून राह्यलो."

त्यांनी मान वळवून पाहिलं. आधी माझ्या तोंडाकडे, मग वर. माझं डोकं त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच भर उन्हात पाहिलं असावं.

"आरं," ते म्हणाले, "त्याला तर तुझं लांबूनच दिसल."

आणि आम्ही दोघं हसतानाच हात वर गेला. खांद्याच्या वर, कानाच्या वर, पार वर. चीक उडाला, उन्हात क्षणभर पिवळा चमकला, आणि परत येऊन दोन्ही डोक्यांवर पडला. अण्णांच्या पांढऱ्या केसांत थोडा अडकला. माझ्यावर अडकायला काही नव्हतं, तो सरळ कॉलरमध्ये गेला. आक्का आ वासून उभी होती, पन्नाशीला आलेली बाई, पण या खेपेला तिच्या तोंडात काही पडलं नाही. ती म्हणाली, हे बराबर न्हाई.

खरवस खाताना अण्णा म्हणाले की तांबडीला आष्टीला नेलं तर चालेल. पुढच्या खेपेला ती व्याली की यानं जायचं. 'यानं' म्हणजे मी. मायनं ते ऐकलं आणि उरलेलं एक भांडं बांधून टाकलं.

आता अण्णा आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर असतात. व्यायामवाला रोज येतो. हात खांद्यापर्यंत पोचलाय, वर जायला अजून कुरकुर करतो. संध्याकाळी ते गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. चौथ्या मजल्याच्या गॅलरीमुळे आभाळ तिरपं, पुढच्या बाजूनंच दिसतं. एमआयडीसीच्या दिशेला रोलिंग मिलचा धूर दिसतो. त्यांची तक्रार नाही. फक्त गच्चीवर टाक्या आणि डिश का भरून ठेवल्या, माणसानं उभं कुठं राहायचं, असं त्यांनी एकदा विचारलं होतं.

परवा आक्काचा फोन आला, तांबडी व्याली. मी आष्टीला गेलो. या खेपेपर्यंत त्यांचा हात वर जात नसेल तर मी माझ्याच हातानं द्यावं, हे अण्णांनी आधीच ठरवून दिलं होतं. भाऊजींच्या अंगणात त्यांची सगळी भावकी जमली होती, प्रोफेसर काय करतो ते बघायला. मी टोपी काढली, दिलं, टोपी घातली. आक्काच्या तोंडात या वेळी पडला. तिनं सुनेला सांगितलं, आमच्याकडे असंच असतं.

घरी परतलो तेव्हा अण्णा गॅलरीत होते. खरवसाचा डबा त्यांनी बाजूला ठेवला.

"डोकं उघडं केल्तं?"

"हो."

"मागितलं न्हाई ना काही?"

खरं म्हणजे मी मागायचं ठरवूनच गेलो होतो. वाटभर मोटारसायकलवर शब्द जुळवत होतो. उजवा हात, एवढंच मागणार होतो, बाकी काही नाही. बाप आहे, एकदा चालवून घेईल. पण ओंजळ वर गेली, मी वर बघत राहिलो, आणि चीक नेहमीसारखा माझ्या डोळ्यात पडला. डोळा चोळता चोळता मागायचं राहूनच गेलं.

मी हे अण्णांना सांगितलं. ते माझ्या लाल डोळ्याकडे बघत राहिले.

"लहानपणीबी तुझ्या डोळ्यातच पडायचा," ते म्हणाले, आणि डाव्या हातानं डबा माझ्याकडे सरकवला. "उघड. निवून चालला."